वर्डच्या फाइलमधली फॉन्टची गोधडी कशी उसवायची

गणपतीला महिनाभर राहिला की माझ्याकडे फाइली यायला लागतात. देवगडात माझं छोटं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, वर्षभर आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं चालतात, पण श्रावण लागला की भजनी मंडळाच्या पत्रिका, वाडीच्या स्मरणिका, शाळेचे अहवाल असलं सगळं एकदम अंगावर येतं. यंदा एका मंडळाची ८४ पानांची स्मरणिका आली. सेक्रेटरी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाले, "जरा फॉन्ट एकसारखो कर, पाच मिन्टाचा काम आसा."

फाइल उघडली तर तीन चाकरमान्यांनी लेख मुंबईतनं व्हॉट्सॲपवर पाठवलेले, रिटायर गुरुजींचा लेख २००५ सालच्या कुठल्यातरी श्रीलिपीच्या फाइलीतनं आलेला, एका ताईंनी गुगल डॉक्समध्ये लिहिलेलं, आणि देणगीदारांची यादी तर स्पेसबार दाबून दाबून रकाने पाडलेली. हे सगळं एकाच फाइलीत एकाखाली एक चिकटवलेलं. एक ओळ बारीक, दुसरी जाडी, मधेच दोन ओळींत बोटभर जागा, एका परिच्छेदात तर एकच शब्द वेगळ्या फॉन्टात.

पहिल्या वर्षी असल्या फाइलीत मी काय केलं होतं ते सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. कंट्रोल ए, वर फॉन्टच्या पेटीत नाव बदललं, साइज १३ टाकली, सेव्ह. पडद्यावर बरं दिसलं म्हणून छापायला पाठवलं आणि प्रेसवाल्याचा फोन आला की तुमची पानं ८४ ची ९१ झालीत. तेव्हापासून मी डोळ्याला दिसेल तसं दुरुस्त करत बसणं सोडलं.

वर्ड एकाच अक्षराला दोन ठिकाणांहून रूप देतं हे डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. एक म्हणजे स्टाइल, म्हणजे नॉर्मल, हेडिंग वगैरे. दुसरं म्हणजे आपण हाताने सिलेक्ट करून जे बोल्ड, साइज, रंग, स्पेसिंग मारतो ते. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, बघितलं असेल ना, आधी मूर्तीला सगळीकडे पांढरा हात मारतात आणि मग वरनं रंग. वर्डमध्ये पण तसंच, स्टाइल हा खालचा हात आणि हाताने केलेलं सगळं त्याच्यावरचा रंग, आणि वरचा रंग खरवडला नाही तर खालचा कितीही बदला, वर काही दिसत नाही. म्हणून लोक स्टाइल बदलून बघतात, काही होत नाही, आणि स्टाइल काही कामाची नाही म्हणून सोडून देतात. तर आपलं काम दोन टप्प्यांचं: वरचं खरवडायचं आणि मग खालचा हात नीट मारायचा. पण त्याच्याआधी एक गोष्ट बघायचीच, नाहीतर लेख हातचा जातो.

सगळ्यात आधी, जुना फॉन्ट

एफ १२ दाबून फाइलीची कॉपी वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि मूळ फाइलीला पुन्हा हात लावू नका. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी दर टप्प्याला वेगळी कॉपी ठेवतो, एक, दोन, तीन असे आकडे घालून.

आता प्रत्येक लेखात एकदा क्लिक करून वर फॉन्टचं नाव वाचा. मंगल, निर्मला, कोकिळा, अपराजिता, मुक्ता यातलं काही असेल तर तो युनिकोड मजकूर, म्हणजे आत खरी मराठी अक्षरंच साठवलेली, काळजी नको. पण श्रीलिपीतलं काही, कृतीदेव, शिवाजी किंवा डीव्ही-टीटी असल्या नावांचं काही दिसलं तर थांबा. या जुन्या फॉन्टांत खरं मराठी नसतंच, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा घालतो. खात्री करायची असेल तर चार ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसलं तर युनिकोड, इंग्रजी कचरा दिसला तर जुना फॉन्ट. अशा मजकुराचा फॉन्ट तुम्ही बदललात की पूर्ण पानाचा कचरा होतो, आणि साफ करायची जी बटणं मी पुढे सांगणार आहे त्यांनी पण तेच होतं. गुरुजींच्या लेखाचं मी एकदा तसं केलंय, कंट्रोल झेड होतं म्हणून वाचलो.

यावर उपाय एकच, कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्राम, आणि तोही त्याच फॉन्टचा. कृतीदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला लावून चालत नाही कारण प्रत्येकाचं कोडिंग वेगळं. कन्व्हर्ट झाल्यावर लेख एकदा शब्द न शब्द वाचायचा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे "स्थिती", "शिल्लक" असल्या शब्दांत ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. रफार पण असाच इकडचा तिकडे जातो. जोडाक्षरं, क्ष, ज्ञ, द्ध, यांच्यावर जास्त लक्ष ठेवा.

खरवडायचं कसं

आधी पॅराग्राफची चिन्हं दिसू दे. कंट्रोल शिफ्ट आठ, किंवा होम टॅबवर ते उलट्या पी सारखं बटण. ही चिन्हं बघायला कंटाळा येतो पण त्याशिवाय फाइलीत काय माती आहे ते कळत नाही. ठिपका म्हणजे स्पेस, सरळ बाण म्हणजे टॅब, वळलेला बाण म्हणजे शिफ्ट एंटर.

मग कंट्रोल ए, कंट्रोल स्पेस, कंट्रोल क्यू. कंट्रोल स्पेसने अक्षरांवरचं हातचं सगळं जातं, फॉन्ट, साइज, रंग, बोल्ड. कंट्रोल क्यूने परिच्छेदावरचं, म्हणजे इंडेंट, स्पेसिंग, अलाइनमेंट. फाइलीत हेडिंगला कुणी खरोखर हेडिंग स्टाइल लावलेली असेल (असं मी दहा वर्षांत दोनदा पाहिलंय) तर ती टिकून राहते. स्टाइलीच भरमसाट असतील, वेबवरून, मेलमधून आलेल्या, तर कंट्रोल ए करून कंट्रोल शिफ्ट एन दाबा, सगळं नॉर्मल होईल आणि हेडिंग पुन्हा लावावी लागतील.

बोल्ड पण जातं म्हणून घाबरू नका. स्मरणिकेतल्या लेखात बोल्ड कोण करतं? ज्याला जिथे जोर आला तिथे, अर्धा लेख बोल्ड. मी मूळ फाइल बाजूला उघडी ठेवतो आणि खरोखर ठळक हवेत असे पाच-सहा शब्द शेवटी परत करतो. एखाद्याचा प्रबंध असेल, त्यात ग्रंथांची नावं तिरकी असतील, तर मात्र सरसकट कंट्रोल स्पेस मारू नका, लेखाचा एकेक भाग घेऊन करा.

आणि कंट्रोल ए सगळं पकडत नाही हे लक्षात ठेवा. टेक्स्ट बॉक्स, हेडर-फुटर, तळटीपा यात वेगळं जाऊन करावं लागतं. अध्यक्षांचं मनोगत हमखास कुणीतरी टेक्स्ट बॉक्समध्ये घालून ठेवलेलं असतं.

मराठीचा वेगळा कप्पा

इंग्रजीतले यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून लोक इथेच अडकतात. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानतं, अरबी, थाई यांच्यासारखं, आणि प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टचे वेगवेगळे कप्पे ठेवतं, एक लॅटिन अक्षरांचा आणि एक कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा. साइज पण वेगळी, बोल्ड पण वेगळं. तुम्ही स्टाइलमध्ये लॅटिनच्या कप्प्यात मुक्ता १३ टाकलंत आणि दुसऱ्या कप्प्यात मंगल ११ राहिलं, तर "देवगड" ११ मध्ये आणि मधला इंग्रजी ईमेल १३ मध्ये. मंगल न बोलावता येतो तो इथूनच, ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगलच नेमलेला आहे. म्हणून खालची पायरी घाई न करता करा.

होम टॅबवर नॉर्मलवर राइट क्लिक, मॉडिफाय. खाली डाव्या कोपऱ्यात फॉरमॅट, त्यात फॉन्ट. आता जी खिडकी उघडते तिच्यात वर लॅटिन टेक्स्ट आणि खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन भाग दिसले पाहिजेत. दोन्हीकडे तोच फॉन्ट, दोन्हीकडे तीच साइज. खालचा भाग दिसतच नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज मध्ये जाऊन मराठी ही एडिटिंगची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून परत उघडा. मग दिसतो.

फॉन्ट कुठला घ्यायचा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. मी बहुतेकदा मुक्ता घेतो, फुकट आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं एकाच वळणाची येतात, जाड-बारीक वजनं पण आहेत. मंगल मला छापायला आवडत नाही. तो विंडोज २००० पासून पडद्यासाठी म्हणून आलेला फॉन्ट आहे आणि त्याची ओळ उंच असते, त्यामुळे मुक्ताच्या परिच्छेदात मंगलचं एक अक्षर, अरे अक्षर कशाला, एक विरामचिन्ह जरी राहिलं तरी तेवढी ओळ खाली सरकते. तुमच्या फाइलीत मधेच एखादी ओळ लांब गेल्यासारखी वाटते ना, बहुतेक वेळा हेच असतं. निर्मला विंडोज ८ पासून आहे, तो चालेल.

त्याच मॉडिफायमध्ये फॉरमॅट, पॅराग्राफ. बिफोर शून्य, आफ्टर ६, लाइन स्पेसिंग मल्टिपल १.१५ च्या आसपास. कुणी सांगेल एक्झॅक्टली करा म्हणजे सगळ्या ओळी सारख्या येतात, येतात खऱ्या, पण १३ च्या अक्षराला १५ ठेवलंत तर वरचे रफार आणि दुसरी वेलांटी कापली जाते आणि खाली उकार. एक्झॅक्टली करायचंच तर २० च्या खाली जाऊ नका. मॉडिफायच्या खिडकीत ऑटोमॅटिकली अपडेट अशी एक खूण असते ती दिसली तर काढून टाका, नाहीतर एका परिच्छेदात केलेला बदल पूर्ण फाइलीला लागतो आणि मग तुम्ही बोंबलत बसता.

हेडिंग एक, हेडिंग दोन यांचंही असंच, दोन्ही कप्पे बघून. लेखाच्या नावाला हेडिंग एक, १८ साइज, लेखकाच्या नावाला मी वेगळी स्टाइल करतो, आणि कवितेला वेगळी. मग फाइल वरपासून खाली स्क्रोल करायची आणि प्रत्येक लेखाच्या नावावर क्लिक करून कंट्रोल ऑल्ट एक. ८४ पानांना वीस मिनिटं लागली.

कचरा काढणे

कंट्रोल एच. मोअर दाबलं की खाली स्पेशल बटण येतं, त्यातनं चिन्हं निवडायची, पाठ करायची गरज नाही.

दोन पॅराग्राफ मार्क शोधा, एकाने बदला, रिप्लेस ऑल, आणि आकडा शून्य येईपर्यंत परत परत. कधी कधी टेबलाजवळचा किंवा फाइलीच्या शेवटचा एखादा जातच नाही आणि दर वेळी एक बदल दाखवत राहतो, सोडून द्या. दोन स्पेसचं एक, हेही तसंच, फक्त देणगीदारांची यादी सोडून, तिचं खाली सांगतो. स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या आधीची स्पेस काढा, ही व्हॉट्सॲपवाल्यांची खास सवय. व्हॉट्सॲपवरनं आलेल्या लेखात बोल्डच्या जागी शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या असतात आणि तीन-चार मेसेज एकत्र कॉपी केले असतील तर मधे तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव पण येतं, ते हाताने काढावं लागतं.

शिफ्ट एंटरचे वळलेले बाण सरसकट पॅराग्राफ मार्कने बदलायच्या आधी कविता कुठे आहेत ते बघा. मी एकदा रिप्लेस ऑल मारलं आणि एका आजींच्या जात्यावरच्या ओव्यांची प्रत्येक ओळ सुटा परिच्छेद झाली, मधे सहा-सहा पॉइंटची फट. ओव्यांना कवितेची स्टाइल लावा, तिच्यात आफ्टर शून्य ठेवा, मग काही होत नाही.

आकडे. कोकण रेल्वेवरच्या लेखात १९९८ मराठी आकड्यांत आणि पुढच्याच ओळीत तेच साल इंग्रजी आकड्यांत. एक काय ते ठरवा. मराठी करायचे तर शून्य ते नऊ दहा वेळा रिप्लेस, पण रिप्लेस ऑल मारताना ईमेल, वेबसाइट, बँकेचा कोड यातले आकडे पण बदलतात, ती पानं आधी वेगळी काढून ठेवा.

आता मला ज्याने एक अख्खी संध्याकाळ खाल्ली ते. एका लेखात "किनाऱ्यावर" हा शब्द बारा-तेरा वेळा होता, लेखकाने नंतर सांगितलं की तिथे "समुद्रावर" करा, म्हणून मी रिप्लेस केलं, सात बदल झाले म्हणालं, आणि पाच तसेच. डोळ्याला अगदी सारखे. शेवटी कळलं की हा अर्धा र दोन तऱ्हेने टाइप होतो: कुणी खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त लावतं, तर कुणाचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. दिसायला एक, आत दोन वेगळे शब्द. "ॲ" चं पण तेच, एक स्वतंत्र अक्षर आहे जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरं म्हणजे अ वर चंद्र ठेवून केलेलं. त्याआधीच्या युनिकोड फॉन्टात ते नवं अक्षर नसतं म्हणून "ॲप" मधला तेवढाच ॲ दुसऱ्या फॉन्टात उमटतो आणि तुम्ही फॉन्ट बदलून बदलून थकता. उपाय म्हणजे फाइंडच्या पेटीत शब्द टाइप करू नका, जो सापडत नाही तो फाइलीतनंच कॉपी करून पेस्ट करा, आणि रिप्लेसमध्ये आपल्या कीबोर्डवरचा टाका. असंच विसर्ग आणि कोलन, "उदा." नंतर लोक सर्रास विसर्ग टाकतात.

देणगीदारांच्या यादीतल्या स्पेसा मोजत बसू नका. नाव आणि रक्कम यांच्यामधे जेवढ्या स्पेसा आहेत त्यांचा एक टॅब करा, यादी सिलेक्ट करा, इन्सर्ट, टेबल, कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल, सेपरेटर टॅब. रक्कम उजवीकडे टेकवा, टेबलाच्या रेघा घालवा. या यादीत एक रुपया इकडे तिकडे झाला तर फॉन्टाकडे कोण बघत नाही, म्हणून मूळ यादीशी ताडून बघा.

एवढं करून पण एखादा शब्द वेगळाच दिसत असेल तर

त्या शब्दावर कर्सर ठेवून शिफ्ट एफ १ दाबा. उजवीकडे पट्टी येते आणि या अक्षरावर काय काय आहे ते सगळं लिहून येतं, स्टाइलमधलं किती आणि हातचं किती. गुरुजींच्या लेखात "खाजणातली" हा एकच शब्द जाडसर दिसत होता, मी डोळे फाडून बघत होतो, पट्टीत वाचलं तर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा फॉन्ट मंगल, बोल्ड, बाकी ओळ मुक्ता. कन्व्हर्टरमधला तो शब्द चुकला होता म्हणून मी नंतर दुसरीकडून पेस्ट केला होता, माझीच करणी. शब्द सिलेक्ट, कंट्रोल स्पेस, झालं. म्हणून साफसफाई झाल्यावर फाइलीत काही आणायचं असेल तर नुसतं कंट्रोल व्ही करू नका, राइट क्लिक करून पेस्टमध्ये कीप टेक्स्ट ओन्ली निवडा, नव्या वर्डमध्ये कंट्रोल शिफ्ट व्ही पण चालतं.

अशी ठिकाणं भरपूर असतील तर होम टॅबवर सिलेक्टमध्ये सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर एकदम निवडायची सोय आहे, एकावर क्लिक करून ती वापरा, सगळे एकदम पकडले जातात.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांना कंट्रोल एम म्हणजे खरवडणं आणि एफ ११ म्हणजे स्टाइल, आणि तिथे मराठीचा कप्पा सीटीएल नावाने असतो, सेटिंगमध्ये भाषांच्या जागी तो चालू करावा लागतो. गुगल डॉक्समध्ये कंट्रोल आणि उलटा स्लॅश. एक परिच्छेद हवा तसा करून स्टाइलच्या यादीत नॉर्मल टेक्स्टवर अपडेट टू मॅच दिलं की बाकीचे मागोमाग येतात.

प्रेसला पाठवताना पीडीएफ पाठवा. त्यांनी वर्डची फाइलच मागितली तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह मध्ये एम्बेड फॉन्ट्सची खूण करा, नाहीतर त्यांच्या मशीनवर मुक्ता नसला की जे यायचं ते परत येणारच. आणि पाठवायच्या आधी एक पान कागदावर काढून बघा, शक्यतो ज्यात रफार, उकार भरपूर आहेत असं. मी "सूर्यास्त", "पूर्ण", "कीर्तन" असलेलं पान काढतो आणि वरची रेघ कुठे कापली गेलीय का ते खिडकीजवळ उजेडात धरून बघतो. यंदा ८४ ची ७८ पानं झाली. सेक्रेटरी म्हणाले, सहा पानं उरली तर जाहिराती घेऊया, आणि संध्याकाळपर्यंत सहा जाहिराती सहा वेगळ्या फॉन्टांत व्हॉट्सॲपवर आल्या.